बाळ आणि बाळंतीण : उदरच्छेद-प्रसूतीच्या कथनपरंपरेतील पूर्वतयारी व शुश्रूषा

१

'तिचे सिझर झाले' हे वाक्य आज मराठी घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यातील 'सिझर' हे मुळात एका रोमन कुळाचे नाव आहे, याची जाणीवही बोलणाऱ्यास नसते. शस्त्रक्रिया स्त्रीच्या शरीरावर होते, टाके तिला पडतात, अंथरुणातून उठताना पोटावर हात ठेवून कण्हावे तिलाच लागते. त्या क्रियेला नाव मात्र एका पुरुषाचे मिळाले आहे, आणि तेही बहुधा चुकीच्या समजुतीवरून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथाच्या सातव्या खंडात आईचे पोट चिरून जन्मलेल्यांची नोंद केली आहे. सीझर कुळातील पहिल्या पुरुषास हे नाव मातेच्या छेदलेल्या गर्भाशयावरून पडले, असे तो म्हणतो. त्याचा रोख कुळाच्या आद्य पुरुषाकडे होता. उत्तरकाळात ही कथा ज्यूलियस सीझरला चिकटली. ज्यूलियसची आई ऑरेलिया इ. स. पू. ५४ पर्यंत हयात होती. असा छेद झाल्यावर माता जगल्याचे कोणतेही विश्वसनीय उदाहरण रोमन जगातून मिळत नसल्याने ज्यूलियसचा जन्म या रीतीने झाला असणे संभवत नाही.

परंतु प्लिनीच्या नोंदीतील खरा मुद्दा व्युत्पत्तीचा नाही. माता दगावून जे जन्मतात त्यांचा जन्म अधिक शुभशकुनी, असे तो तेथे सुचवतो आणि थोरल्या स्किपिओ आफ्रिकानसचे नाव उदाहरण म्हणून देतो. मातेचा मृत्यू हा येथे पुत्राच्या भाग्याचा प्रास्ताविक भाग झाला आहे. उदरच्छेदाने झालेल्या जन्माची कथा जगातील अनेक साहित्यांत आढळते आणि ती बहुतेक वेळा जन्मणाऱ्याची कथा असते. प्रसूतीची पूर्वतयारी आणि प्रसूतीनंतरची शुश्रूषा ही या घटनेची दोन टोके मात्र माता जगावी अशी अपेक्षा असल्याखेरीज अर्थपूर्ण ठरत नाहीत. मृत देहाला भूल द्यावी लागत नाही आणि त्याची जखम भरून यावी म्हणून कोणी लेप वाटत बसत नाही. म्हणून ज्या संहितेत या दोन टोकांना जागा मिळते, तिच्यात माता हे एक जिवंत पात्र असते. हा साधा निकष हाती घेऊन निरनिराळ्या परंपरांची तुलना केली, तर वीरजन्माचे एकच आशयसूत्र म्हणून एकत्र मोजल्या जाणाऱ्या कथांमध्ये एक मूलभूत भेद दिसू लागतो.

२

उदरच्छेदाविषयीच्या जुन्या नियमांपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल, कारण वीरकथेला आवश्यक असलेली अद्भुताची छटा त्यांत नाही. इ. स. ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या जस्टिनियनच्या विधिसंग्रहात एक प्राचीन राजाज्ञा नोंदलेली आहे. गर्भवती स्त्री मरण पावली असता तिच्या पोटातील गर्भ काढून घेतल्याशिवाय तिचे दफन करू नये, असा तिचा आशय आहे. रोमन परंपरा या आज्ञेचे मूळ नुमा पोम्पिलिअस या आरंभीच्या राजापर्यंत नेते. जगण्याची आशा असलेल्या जीवाला मृतदेहाबरोबर गाडू नये, ही त्यामागील दृष्टी. मातेचा प्रश्न तेथे संपलेलाच आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील मूढगर्भविषयक आठव्या अध्यायातही असेच एक विधान आहे. गर्भिणी अकस्मात मरण पावली आणि तिच्या कुशीत स्पंदन जाणवत असेल, तर वैद्याने त्वरेने पोट चिरून बालकास बाहेर काढावे. मात्र याच संहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायाकडे वळले की दृश्य बदलते. अडलेल्या व मृत गर्भाला शस्त्राने योनिमार्गे बाहेर काढण्याचा विधी तेथे सांगितला आहे. यात स्त्री जिवंत आहे, आणि म्हणूनच ग्रंथाची भाषा वेगळी झाली आहे. हे कर्म अत्यंत कठीण असल्याने अधिपतीची अनुज्ञा घेऊन ते आरंभावे, स्त्रीला धीर द्यावा, जिवंत गर्भावर शस्त्र मुळीच चालवू नये, असे वैद्यास बजावले आहे. पुढील मजकूर तर शुश्रूषेचाच आहे : उष्ण जलाने शेक, तैलाभ्यंग, पिंपळी-सुंठ-हिंग-वेखंड आदी द्रव्यांचे चूर्ण, स्नेहपान, नंतर औषधसिद्ध दूध, त्यानंतर मांसरस, आणि चार महिने लोटल्यावर उपद्रव उरला नाही असे पाहून पथ्यातून मुक्तता. बलातैलाचा पाठही याच अध्यायात येतो.

म्हणजे उदर छेदण्याचे ज्ञान आणि प्रसूत स्त्रीला पूर्ववत करण्याचे ज्ञान ही दोन्ही एकाच ग्रंथात उपलब्ध होती; मात्र ती दोन वेगळ्या अध्यायांत राहिली. जेथे पोटावर शस्त्र चालते तेथे स्त्री मृत आहे. जेथे शेक, दूध आणि तेल आहे तेथे पोट अभंग आहे. या दोहोंची गाठ एकाच स्त्रीच्या शरीरावर पडण्यास फार मोठा काळ जावा लागला. चिकित्सास्थानात अनुज्ञा घ्यावयाची ती अधिपतीची, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्त्रीला धीर द्यावयाचा आहे. तिला विचारावयाचे आहे असे मात्र तेथे म्हटलेले नाही.

तिसरे उदाहरण यहुदी धर्मशास्त्रातील. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना'मध्ये उदरच्छेदाने झालेल्या अपत्याला 'योत्से दोफेन', म्हणजे 'भिंतीतून बाहेर आलेला', अशी संज्ञा आहे. अशा जन्मानंतर मातेने प्रसूतीचे अशुद्धीचे व शुद्धीचे दिवस पाळण्याचे कारण नाही, असा तेथे निर्णय असून रब्बी शिमोन यांचे भिन्न मतही नोंदले आहे. सोयर कोणी व किती दिवस पाळावे, या चर्चेचा परिचय असलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. यावरून त्या काळी माता वाचत असे, असा ऐतिहासिक निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, कारण धर्मशास्त्र संभाव्याप्रमाणे असंभाव्याचाही विचार करते. पण बाळंतिणीच्या दिवसांचा हिशेब करण्यासाठी बाळंतीण कल्पनेत तरी जिवंत असावी लागते. नियमाच्या भाषेत माता उरली आहे ती अशी, शुद्धाशुद्धीच्या प्रश्नाच्या रूपाने.

३

वीरकथेत एवढेही उरत नाही. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातील 'परिशिष्टपर्व' या जैन ग्रंथात बिंदुसाराच्या जन्माची कथा आहे. चंद्रगुप्ताला विषाची सवय व्हावी म्हणून चाणक्य त्याच्या अन्नात अल्प प्रमाणात विष मिसळीत असे. गर्भवती राणी दुर्धरा एकदा त्याच्याबरोबर ते अन्न ग्रहण करते आणि तत्काळ मरण पावते. गर्भ वाचावा म्हणून चाणक्य तिचे उदर चिरतो. विषाचा एक बिंदू बालकाच्या मस्तकापर्यंत पोहोचलेला असतो, म्हणून त्याचे नाव बिंदुसार. महावंसावरील पाली टीकेत याच प्रसंगाचे अधिक उग्र रूप आढळते. तेथे अपूर्ण वाढीचा गर्भ सात दिवस रोज एका नव्या शेळीच्या उदरात ठेवला जातो आणि शेळीच्या रक्ताच्या थेंबांवरून नामकरण होते. दोन्ही कथांत नावाचे कारण भिन्न आहे, पण नाव पडते ते बालकाच्या देहावर उमटलेल्या थेंबावरून. त्या सात दिवसांत जी काळजी वाहिली गेली तीही गर्भाचीच. दुर्धरेचे कथेतील कार्य अन्न ग्रहण करून मरण्यापुरते आहे.

शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मध्ये (सुमारे १६०६) हे आशयसूत्र भाषिक कूटाच्या रूपात येते. स्त्रीपासून जन्मलेला कोणीही मॅक्बेथला इजा करू शकणार नाही, हे भविष्य मॅकडफच्या बाबतीत लागू पडत नाही, कारण त्याला मातेच्या उदरातून अकाली ओढून काढलेले असते. हा तपशील शेक्सपिअरने होलिनशेडच्या इतिवृत्तातून घेतला. हे कूट उलगडते ते एका गृहीतावर : छेदलेले उदर हे 'स्त्री'चे उरत नाही. मॅकडफच्या आईला नाटकात नाव नाही, आणि ती कशी मेली हे कोणी विचारीत नाही. हे नाटक शि. म. परांजपे यांच्या 'मानाजीराव'मधून आणि पुढे वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधून (१९५४) मराठी रंगभूमीवर आले. मध्ययुगीन युरोपातील संत रेमंडला (मृत्यू १२४०) तर 'नोन्नातुस' म्हणजे 'न जन्मलेला' हेच उपनाम लाभले. मृत मातेच्या उदरातून काढला गेलेला हा पुरुष पुढे गर्भवतींचा आणि सुइणींचा रक्षक संत मानला गेला. जिला कोणी वाचवू शकले नाही तिच्या मुलाकडे इतर स्त्रियांनी आपल्या जिवाचे दान मागावे, यामागील लोकमानसाची व्यथा दुर्लक्षिण्याजोगी नाही.

भारतीय परंपरेत कुशीतून झालेल्या जन्माच्या दोन कथा शेजारी ठेवल्या तर एक विलक्षण विषमता नजरेत भरते. महाभारताच्या वनपर्वातील राजा युवनाश्व तहानेच्या भरात पुत्रप्राप्तीसाठी मंत्रून ठेवलेले जल पितो आणि स्वतः गर्भ धारण करतो. शंभर वर्षांनी त्याची डावी कूस फोडून मांधाता बाहेर येतो. राजा मात्र मरण पावला नाही, आणि हे एक आश्चर्यच झाले, अशी नोंद महाभारतकार आवर्जून करतात. त्यानंतर बालकाला दूध कोण पाजणार, हा प्रश्न उभा राहतो आणि इंद्र आपले बोट त्याच्या मुखी देतो. मांधात्याचे नावही या प्रसंगाशी जोडले गेले आहे. प्रसूत पुरुष जगला की नाही आणि बाळ काय पिणार, हे दोन्ही प्रश्न शुश्रूषेचे आहेत, आणि कथाकाराला ते सुचले आहेत.

दुसरी कथा बुद्धजन्माची. अश्वघोष 'बुद्धचरिता'च्या पहिल्या सर्गात मायादेवीच्या कुशीतून झालेल्या जन्माचे वर्णन करताना और्व, पृथू, कक्षीवान यांच्याबरोबर मांधात्याचाही दाखला देतो. मायेला वेदना नाही, व्याधी नाही. तरीही बौद्ध परंपरेनुसार ती सातव्या दिवशी हे जग सोडते, आणि 'ललितविस्तर' हा ग्रंथ हा सर्व बोधिसत्त्वांच्या मातांचा नियमच मानतो. जखम झालेला राजा जगतो आणि जखम न झालेली राणी जात राहते. या दोन कथांचे प्रयोजन भिन्न आहे, त्यांचा धर्मविचारही भिन्न आहे, हे खरे. परंतु कथनात शुश्रूषेला वाव कोणाच्या वाट्याला येतो, या प्रश्नाचे उत्तर दोहोंच्या तुलनेत स्पष्ट मिळते.

४

या पार्श्वभूमीवर फिरदौसीच्या 'शाहनामा'चे (पूर्ती १०१०) वेगळेपण उठून दिसते. झालची पत्नी रूदाबा गर्भाच्या असामान्य आकारामुळे अडते, तिची शुद्ध हरपते. झाल ज्या सीमुर्ग पक्ष्याच्या घरट्यात वाढला, त्याने दिलेले पीस तो जाळतो आणि सीमुर्ग प्रकट होतो. त्यानंतर सीमुर्ग जे सांगतो ते वरदान नसून कार्यपद्धती आहे. कुशल आणि शांत चित्ताच्या मोबेदाला, म्हणजे धर्मज्ञ पुरुषाला, धारदार शस्त्रासह बोलवावे. प्रथम रूदाबाला मद्य द्यावे, म्हणजे तिच्या मनातील भय आणि चिंता दूर होईल आणि छेदाची वेदना तिला जाणवणार नाही. कूस चिरून बालक काढल्यावर जखम शिवावी. सांगितलेली वनस्पती दूध आणि कस्तुरी यांच्यासह कुटून, सावलीत वाळवून जखमेला लावावी. शेवटी त्यावरून सीमुर्गाचे पीस फिरवावे.

या क्रमात अद्भुताचा अंश पिसापुरता आहे. उरलेले सारे मानवी हाताने करावयाचे आहे, आणि त्यात पूर्वतयारीचे व शुश्रूषेचे टप्पे शस्त्रकर्माइतक्याच तपशिलाने आले आहेत. वनस्पती उन्हात न वाळवता सावलीत वाळवावी, ही सूचना ज्याने औषधी सिद्ध होताना पाहिली आहे अशाच्या अनुभवातून आलेली वाटते. भयाचा विचार वेदनेच्याही आधी झाला आहे, हे तर अधिकच लक्षणीय. मद्याच्या अमलाखाली रूदाबा एक दिवस आणि एक रात्र निद्रिस्त राहते. तिची आई सिंदुख्त अश्रू ढाळीत जवळ असते. जागी झाल्यावर रूदाबा आईशी बोलते, बाळ पाहते, हसते, आणि आपली सुटका झाली, दुःख सरले, अशा अर्थाचा उद्गार काढते. या उद्गारातील 'सुटले' या अर्थाच्या फारसी क्रियापदाशी जुळवून बालकाचे नाव रुस्तम पडते, अशी व्युत्पत्ती काव्य देते. भाषाशास्त्र ती मान्य करणार नाही. काव्याच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. सीझरचे नाव छेदावरून, बिंदुसाराचे विषाच्या थेंबावरून, रेमंडचे जन्माच्या अभावावरून. रुस्तमचे नाव मात्र शुद्धीवर आलेल्या आईच्या पहिल्या बोलावरून पडले आहे. इराणच्या सर्वश्रेष्ठ वीराला हाक मारताना प्रत्येक वेळी एका बाळंतिणीचा निःश्वास उच्चारला जातो.

हे नाव मराठीलाही अपरिचित नाही. आदिलशाहीतील 'रुस्तुमेजमान' ही पदवी शिवकालीन इतिहासात वारंवार भेटते, 'रुस्तुम-ए-हिंद' हा कुस्तीच्या आखाड्यातील बहुमान आहे, आणि मुंबईच्या पारशी समाजात रुस्तमजी हे नाव पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. फारसीतून मराठीत येताना या शब्दाने बळाचा अर्थ तेवढा बरोबर आणला. आईचा उद्गार मागेच राहिला. आधुनिक फारसीत 'सिझेरियन'साठी रुस्तमच्या नावावरून प्रतिशब्द सुचवले गेले आहेत, त्यामागे राष्ट्राभिमान असेल. परंतु सीझरऐवजी रुस्तम म्हणताना, माता मेली असे गृहीत धरणाऱ्या कथेऐवजी माता जगली असे सांगणारी कथा निवडली जाते, हेही तितकेच खरे.

५

काव्यातील हा क्रम केवळ कल्पनाविलास मानावा काय, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातील एका वृत्तांताने अनपेक्षित वळण दिले. रॉबर्ट फेल्किन हा इंग्रज वैद्यकीय मिशनरी १८७९ मध्ये सध्याच्या युगांडातील बुन्योरो राज्यात काहुरा येथे एका उदरच्छेद-प्रसूतीच्या वेळी उपस्थित होता. त्याचे निवेदन १८८४ मध्ये एडिंबरो येथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिलटकरीण असलेल्या सुमारे वीस वर्षांच्या स्त्रीला केळ्यांचे मद्य पाजून अर्धवट गुंगीत ठेवले होते. त्याच मद्याने शस्त्रकर्म करणाऱ्याने आपले हात आणि तिचे पोट धुतले. मध्यरेषेवर छेद घेतला, रक्तस्राव थांबवण्यासाठी तापवलेले लोखंड वापरले, गर्भाशय आकुंचित व्हावे म्हणून ते चोळले, पण शिवले नाही. पोटाची जखम लोखंडी टाचण्यांनी व सालीच्या दोऱ्याने मिटवून तिच्यावर मुळांच्या लगद्याचा लेप दिला. तिसऱ्या दिवसापासून टाचण्या काढण्यास आरंभ होऊन सहाव्या दिवशी शेवटच्या टाचण्या निघाल्या. अकराव्या दिवशी जखम पूर्ण भरलेली होती. आईला दूध फार थोडे येत असल्याने आरंभीचे दिवस बहुतांशी एका मैत्रिणीने बाळाला पाजले.

मद्य, छेद, जखम मिटवणे, लेप आणि विश्रांती हा बुन्योरोतील क्रम 'शाहनामा'तील क्रमाशी ज्या प्रकारे जुळतो, त्यावरून प्रभावाचा किंवा संक्रमणाचा तर्क करणे योग्य नाही. नऊशे वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर ओलांडणारा कोणताही दुवा हाती नाही. येथे साम्याचे कारण साहित्यात न शोधता प्रसंगाच्या गरजेत शोधावे लागते. स्त्रीला जगवावयाचे आहे असे एकदा ठरले की भय, वेदना, रक्त, जखम आणि दूध हे पाच प्रश्न त्याच क्रमाने समोर उभे राहतात. फेल्किनच्या निवेदनावर वसाहतकालीन नजरेची छाप आहे. तो बाईच्या तापाचा आकडा नोंदवतो, नाव नोंदवीत नाही. तरीही दुसऱ्या स्त्रीने बाळाला पाजल्याचे तो लिहून ठेवतो, आणि त्या एका तपशिलाने झोपडीतील शस्त्रकर्म एका समाजातील बाळंतपण होऊन जाते.

युरोपात याच काळापर्यंत माता वाचणे हा अपवाद होता. १५०० मध्ये स्वित्झर्लंडमधील याकोब नूफर या डुकरांची खच्ची करणाऱ्या माणसाने, स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, आपल्याच अडलेल्या पत्नीवर हा प्रयोग केला आणि ती जगली, अशी कथा १५८० च्या दशकात छापली गेली. घटना व नोंद यांतील ऐंशीहून अधिक वर्षांच्या अंतरामुळे इतिहासकार तिच्याकडे साशंकतेने पाहतात. १५८१ मध्ये फ्रान्स्वा रूसे याने जिवंत स्त्रीवर ही शस्त्रक्रिया करण्याचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. १८२६ मध्ये केपटाउन येथे जेम्स बॅरी या लष्करी शल्यविशारदाने केलेल्या शस्त्रक्रियेत माता व बालक दोघेही वाचले. हा शल्यविशारद जन्माने स्त्री होता, ही गोष्ट १८६५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर उघड झाली. बालकाला नाव मिळाले ते शल्यविशारदाचे.

यानंतरच्या वैद्यकीय प्रगतीचे टप्पे पूर्वतयारी आणि शुश्रूषा या दोन टोकांवरच घडले आहेत. छेद कसा घ्यावा हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. १८४६-४७ मधील ईथर व क्लोरोफॉर्म आणि १८६७ मधील लिस्टरची जंतुनाशक पद्धती यांनी पूर्वतयारी बदलली. पाव्हिया येथे एदुआर्दो पोर्रो याने १८७६ मध्ये रक्तस्राव व जंतुसंसर्ग टाळण्यासाठी गर्भाशयच काढून टाकले. ती स्त्री जगली, पण पुढील मातृत्वाची किंमत देऊन. गर्भाशय आपोआप आकुंचन पावते, त्याला टाके घालू नयेत, हा समज १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर याने मोडला आणि आतील जखम चांदीच्या तारेने व रेशमाने शिवण्याची पद्धत रूढ केली. चांदीच्या तारेचे टाके शल्यकर्मात प्रतिष्ठित झाले ते जे. मॅरियन सिम्स याने १८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेतील अलाबामा येथे गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, वारंवार केलेल्या प्रयोगांतून. एका स्त्रीची जखम भरण्यामागे दुसऱ्या स्त्रियांच्या न विचारता केलेल्या जखमा आहेत, हे या इतिहासात लपवता येत नाही. विसाव्या शतकात गर्भाशयाच्या खालच्या भागावरील आडवा छेद, कण्यातून दिली जाणारी भूल, रक्तसंक्रमण, सल्फा औषधे आणि पेनिसिलिन यांनी माता वाचण्याची खात्री दिली, आणि सुश्रुतसंहितेतील ते दोन वेगळे अध्याय अखेर एकत्र आले.

६

या संक्रमणाच्या ऐन मध्यावर एक मराठी स्त्री उभी आहे. झेंगरच्या शोधानंतर चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या प्रसूत झाल्या होत्या आणि बाळ दहा दिवसांत गेले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. काशीबाई कानिटकरांचे चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी यांमुळे हे जीवन मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. तुलनेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, शल्यतंत्राची नवी भाषा आत्मसात करीत असताना या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी आपल्याकडील जुना शब्दसंग्रह निवडला. सुतिकागृह, सूतिकेचा आहार, तिची निगा यांविषयीचे प्राचीन ज्ञान परक्या विद्यापीठासमोर मांडण्याजोगे आहे, अशी त्यामागील धारणा असली पाहिजे. या प्रबंधाकडे राष्ट्रीय अस्मितेचा आविष्कार म्हणून पाहिले जाते. ज्या मुलीचे बाळंतपण मृत्यूच्या सावलीत झाले तिने सूतिकेच्या शुश्रूषेवर लिहिलेली संहिता म्हणूनही ती वाचली जावयास हवी.

मराठी घरातील सूतिकाशास्त्र ग्रंथांपेक्षा व्यवहारात अधिक टिकून राहिले. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणे, सुईण, बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, धुरी, तेल लावणे, पोट बांधणे, बाळंतकाढा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा आणि सव्वा महिन्याची विश्रांती, असा हा क्रम आहे. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई लिहिते ती ललाटरेषा बाळाची. पण बाळंतविड्यात बाळाच्या टोपड्या-झबल्याबरोबर बाळंतिणीचे लुगडे वा खणही असतो. पोटावर टाके घेऊन आलेल्या बाळंतिणीमुळे या क्रमाची फेरमांडणी करावी लागली. पोट बांधावे की नाही, शेक केव्हा द्यावा, न्हाऊ केव्हा घालावे, या प्रश्नांवर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आणि डॉक्टर यांच्यात जी बोलणी घराघरांत होतात, त्यांत दोन ज्ञानपरंपरांचा संवाद चाललेला असतो. लिखित साहित्याने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

७

आजचा प्रश्न जुन्या प्रश्नाच्या उलट दिशेने उभा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. या शेवटच्या सर्वेक्षणात सरकारी संस्थांतील प्रमाण १४.३, तर खासगी संस्थांतील ४७.४ टक्के होते. तेलंगणात ते ६०.७, महाराष्ट्रात २५.४ आणि नागालँडमध्ये अवघे ५.२ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये दहा ते पंधरा टक्के ही मर्यादा सुचवली होती. २०१५ च्या निवेदनात, लोकसंख्येच्या पातळीवर दहा टक्क्यांपुढील वाढीचा माता व अर्भक यांच्या मृत्यूत घट होण्याशी संबंध दिसत नाही, असे तिने म्हटले. त्याच वेळी, आकडा गाठण्यापेक्षा गरजू स्त्रीला ही शस्त्रक्रिया मिळणे महत्त्वाचे, हेही स्पष्ट केले. एकीकडे गरज नसता छेद, दुसरीकडे गरज असता वैद्याचा अभाव, असे हे चित्र आहे.

शस्त्रक्रिया नित्याची झाली की तिच्या दोन्ही टोकांविषयीची सावधता कमी होते. पूर्वतयारी संमतिपत्रावरील सहीपुरती उरते, आणि ती सही बऱ्याचदा पतीकडून वा सासऱ्याकडून घेतली जाते; सुश्रुतसंहितेतील अधिपती अद्याप पूर्णपणे निवृत्त झालेला नाही. सज्ञान व सक्षम रुग्णाची संमती तिची स्वतःचीच असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. वैद्यकाने स्वतःही या टोकांकडे नव्याने पाहण्यास सुरुवात केली आहे. २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रुग्ण स्त्रीला आधीच सर्व समजावून सांगणे, शस्त्रक्रियेपूर्वी दोन तासांपर्यंत पाण्यासारखे नितळ पेय घेऊ देणे, छेदापूर्वीच्या तासाभरात प्रतिजैविक देणे, नंतर लवकर आहार सुरू करणे आणि लवकर चालते करणे यांवर भर आहे. सीमुर्गानेही छेदाआधी भयाचा विचार केला होता, याची येथे आठवण व्हावी.

बोलीभाषेत मात्र 'नॉर्मल' आणि 'सिझर' अशी विभागणी रुळली आहे, आणि तिच्यात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. जिचे सिझर झाले तिने जणू काही प्रसववेदना चुकवल्या, असा सूर नातलगांच्या बोलण्यात उमटतो. सात थर कापून शिवलेले पोट सांभाळीत रात्री दर दोन तासांनी बाळाला घेणाऱ्या स्त्रीला हे ऐकावे लागते. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या इतर कोणत्याही रुग्णाला मिळणारी सहानुभूती तिला मिळत नाही, कारण सर्वांचे लक्ष पाळण्याकडे असते. प्लिनीने पुत्राच्या भाग्याकडे पाहताना मातेचा देह ओलांडला. ही नजर त्याच्याहून फार वेगळी म्हणता येणार नाही.

मराठी पत्रव्यवहारात जन्माची वार्ता कळविण्याचे एक ठरलेले वाक्य होते : बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. 'बाळंतीण' हा शब्द 'बाळ'वरूनच आला आहे, तिची ओळख अपत्यामुळेच झाली आहे. तरीही या वाक्यात दोघांची नावे जोडीने येतात आणि क्रियापद दोघांसाठी अनेकवचनी आहे. कार्डावरील चार ओळींतही हा जोडशब्द गाळला जात नसे, कारण पत्र उघडणाऱ्या माहेरच्या माणसाला आधी तेवढेच जाणून घ्यावयाचे असे. उदरच्छेदाने झालेल्या जन्माच्या कथांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक संहितेला हाच प्रश्न विचारला पाहिजे. नायक कसा जन्मला हे ती सांगेलच. तिसऱ्या दिवशी, अकराव्या दिवशी, चौथ्या महिन्यात त्याची आई कशी होती, हे सांगणाऱ्या संहिता थोड्या आहेत, आणि त्या शोधून काढण्याचे काम अद्याप पुष्कळसे बाकी आहे.